दुसऱ्याच्या वडिलांची तब्येत

पहिल्या दिवशी, पहिल्याच तासाला, मी मार्करचं टोपण काढायच्या आत पहिल्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि जिन्याच्या पायऱ्या उतरावं तसा एकेक शब्द सांभाळत त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "सर, तुमच्या वडिलांची तब्येत आता कशी आहे?" माझे वडील ठणठणीत होते. आदल्या दिवशीच त्यांनी मला फोनवर बजावलं होतं की परदेशात गेलास म्हणून शेफारू नकोस आणि मोजे रोजच्या रोज धुवत जा. तरीही वाटलं, रात्रीतून तिकडे काहीतरी झालंय आणि ते या माणसाला माझ्याआधी कळलंय. वर्गाकडे पाहिलं तर अकराच्या अकरा चेहरे एकाच काळजीनं माझ्याकडे वळलेले. "चांगली आहे," मी म्हटलं. वर्गानं एकदम श्वास सोडला. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी टाळी वाजवली आणि मग लाजून हात मांडीवर ठेवले. त्यांच्या शेजारच्या जाड चष्म्याच्या माणसानं विचारलं, "टाके काढले का?" काढले, मी म्हटलं. नव्या देशात पहिल्या तासाला कोणाचं मन मोडू नये, आणि टाके काय, कधीतरी काढावेच लागतात. ते काढून झाल्यावर मी फळ्यावर माझं नाव लिहिलं. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग ते म्हातारे गृहस्थ पुन्हा उठले. "सर, याचा अर्थ काय?" अर्थ काही नाही, मी म्हटलं. त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि म्हणाले, "मग वाक्यात वापरून दाखवा."

तास संपल्यावर त्या इंग्रजीच्या क्लासच्या संचालिकाबाईंनी मला त्यांच्या काचेच्या खोलीत बोलावलं. बाईंचे केस इतके जागच्या जागी होते की वाऱ्यानं आधी अर्ज केला असता. त्यांनी टेबलावरून एक माहितीपत्रक माझ्याकडे सरकवलं. त्यावर येताना जिन्यातल्या जाहिरातीच्या फलकावर पाहिलेलाच माणूस होता, सहा फुटी, पिंगट केसांचा, भरपूर दातांचा. खाली ठळक अक्षरांत: एकच शिक्षक, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. सत्र बारा आठवड्यांचं होतं. हा माणूस पाचव्या आठवड्यात, शुक्रवारी, जरा हवा खाऊन येतो म्हणून खाली उतरला आणि परत आला नाही. "म्हणजे मी त्याच्या जागी आलोय," मी म्हटलं. बाईंनी मान हलवली. "जागी आलात म्हटलं की शिक्षक बदलला असं होतं. मग वर्ग म्हणेल, सत्र पहिल्यापासून घ्या. मागे एकदा म्हणाला होता. तुम्ही जागी आलेला नाही, तुम्ही पुढे चालू आहात." मी फोटोकडे बोट दाखवलं. "पण त्यांना दिसत असेल ना?" "दिसतं," बाई म्हणाल्या, "पण ती सभ्य माणसं आहेत. तुम्हीही सभ्य असलात तर प्रश्नच येत नाही." मग त्यांनी मला गळ्यात अडकवायचं ओळखपत्र दिलं. त्याच्यावर त्याचं नाव, त्याचा फोटो. "फोटोची बाजू आत ठेवा. फक्त सात आठवडे. सत्र संपलं की नवं पत्रक काढू, त्यावर तुमचा फोटो, तुमचं नाव." सात आठवडे, मी मनात म्हटलं. चोवीस वर्षं काढली, त्यात सात आठवडे म्हणजे काय.

चोवीस म्हणजे माझ्या हिशेबानं. कागदोपत्री मी सव्वीस वर्षांचा आहे, आणि हे एकदा सांगून टाकायला हवं, कारण पुढे चालू असणं माझ्यासाठी नवीन नव्हतं. माझ्याआधी आईबाबांना एक मुलगा झाला होता. माझा दादा. दहा महिन्यांचा असताना तो तापानं गेला. चौदा महिन्यांनी मी झालो आणि त्याचंच नाव मला ठेवलं. का ठेवलं ते कोणी सांगितलं नाही. नाव चांगलं होतं आणि फारसं वापरलेलं नव्हतं. पुढे शाळेत घालायची वेळ आली तेव्हा बाबा अर्धा दिवस रजा टाकून जन्माचा दाखला आणायला गेले. कारकुनानं जाडजूड वहीत बोट फिरवत नाव शोधलं, बापाचं नाव पडताळलं आणि पहिली सापडली ती नोंद उतरवून शिक्का मारून दिली. ती दादाची होती. घरी आल्यावर बाबांच्या लक्षात आलं. आईनं कागद हातात घेतला, बराच वेळ वाचला आणि म्हणाली, राहू दे. झालं. चार वर्षांचा मी सहा वर्षांचा म्हणून पहिलीत जाऊन बसलो. मृत्यूचा दाखला कोणी काढलाच नव्हता, आणि ते बरंच झालं, कारण काढला असता तर मी पहिलीच्या आधीच निकालात निघालो असतो. दहा वर्षं मी प्रत्येक रांगेत सगळ्यात पुढे उभा होतो. मास्तर म्हणायचे, पोरगं वाढत नाही, कशाची चिंता करतंय कोण जाणे. दहावीचं प्रमाणपत्र दादाच्या तारखेचं, पदवी दादाच्या तारखेची, पासपोर्ट दादाच्या तारखेचा. मी अजून एकदाही कागदावर जन्मलेलो नाही. घरात एक फोटो आहे, गुटगुटीत मूल, कपाळावर आडवी तीट. पाहुणे आले की आई तो दाखवून म्हणायची, हा बघा, किती गोरा होता लहानपणी, आणि पाहुणे माझ्याकडे बघून म्हणायचे, मग काय झालं? माझा वाढदिवसही दादाच्याच तारखेला व्हायचा, शाळेच्या सोयीसाठी. माझ्या खऱ्या तारखेला काहीच व्हायचं नाही. फक्त सकाळी कधीतरी, बाबा अंघोळीला गेले की, आई स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवायची आणि चोरी केल्यासारखी परत जायची. तेवढा वर्षातून एक हात माझा होता. लोक परदेशात नाव काढायला जातात. माझी महत्त्वाकांक्षा त्याहून लहान होती. एकदा, एका तरी ठिकाणी, आधी कोणी न बसलेल्या खुर्चीवर बसायचं. म्हणून मी इतक्या लांब आलो, आणि खुर्ची अजून गरम होती.

खोलीही त्या फलकावरच्या माणसाचीच होती. चौथा मजला, एक खिडकी, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी, आणि भिंतीतून जाणारा गरम पाण्याचा नळ, जो दर वीस मिनिटांनी कोणीतरी आत कोंडल्यासारखा ठोठावायचा. पलंग इतका लांब की पायाकडचा भाग मी पुस्तकांसाठी वापरायला लागलो. खुंटीला त्याचा कोट होता. आरसा त्यानं आपल्या उंचीला टांगला होता, त्यामुळे त्यात मी डोळ्यांपासून वर दिसायचो. खिळा उपटून खाली ठोकता आला असता, पण माझ्याकडे हातोडी नव्हती, आणि खरं सांगायचं तर भिंतीला दुसरं भोक पाडायचा अधिकार मला कोणी दिला आहे असं वाटेना. पहिल्या आठवड्यात थंडी वाढली तेव्हा मी त्याचा कोट घातला. बाह्या नखांच्या पुढे चार बोटं. जिन्यात शेजारीण भेटली. एरवी ती माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघायची, त्या दिवशी कोटाकडे बघून हसली आणि तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक, मायेनं बोलली. मीही हसलो. कोटाच्या खिशात मला एक तुटका पेन्सिलीचा तुकडा आणि वाळलेलं पान सापडलं, ते मी परत होतं तिथे ठेवलं. सकाळी दात घासताना आरशात माझं कपाळ पाहून मला कळेनासं झालं होतं की याच्याखाली तोंड आहे की नाही, आणि असलंच तर ते काय करतंय.

वर्गात एक रोजनिशी असायची, काय शिकवलं ते लिहायची. त्याची अक्षरं मोठी, डावीकडे झुकलेली. त्याची शिकवण्याची पद्धत साधी होती: पुस्तक बाजूला ठेवायचं, स्वतःच्या घरची गोष्ट सांगायची आणि वर्गानं ओळीनं एकेक प्रश्न विचारायचा. कोणाचाही नंबर चुकता कामा नये. पहिला आठवडा: माझं गाव. दुसरा: माझे वडील आणि त्यांची समुद्रातली नाव. तिसरा: माझा वाढदिवस. चौथा: वडिलांचं पोट दुखतं. पाचवा: ऑपरेशन गुरुवारी, उरलेलं पुढच्या आठवड्यात. पुढचं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर मी उभा होतो, आणि समोर अकरा माणसं पेन उघडून बसली होती. म्हातारे गृहस्थ आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते आणि आता दूर देशात जन्मलेल्या नातवाशी बोलता यावं म्हणून इंग्रजी शिकत होते. मी त्यांना मनात लिफ्टआजोबा म्हणायला लागलो. टाळी वाजवणाऱ्या बाई नर्स होत्या. त्यांना परदेशात नोकरी हवी होती आणि त्यांच्यापासून काही लपवता यायचं नाही. टाक्यांचं विचारणाऱ्याचं खालीच चष्म्याचं दुकान होतं. नर्सबाई विचारायच्या, चीर किती मोठी होती? नळी कधी काढली? वारा सरला का? मी उत्तरं द्यायचो. मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या माणसाच्या वडिलांना मी जीव तोडून वाचवलं. सहाव्या आठवड्यात पेज पाजली, सातव्यात उशीला टेकवून बसवलं, आठव्यात दारापर्यंत चालवलं. ज्या दिवशी ते दारापर्यंत गेले त्या दिवशी लिफ्टआजोबांनी डोळे पुसले. सुटीच्या दिवशीही मी खिडकीपाशी बसून काळजी करायचो की सोमवारी त्यांना थोडा ताप आणावा की नको. रस्त्यानं चालताना एखादा म्हातारा पोटावर हात धरून उभा दिसला की माझा पाय अडखळायचा. मी स्वतः आजारी पडलो होतो एकदा, दोन दिवस, तापानं फणफणलो होतो, तर माझी चौकशी करायचं मलाच सुचलं नाही.

टाक्यांबद्दल खात्री करून घ्यावी म्हणून एका संध्याकाळी मी बाबांना विचारलं. बाबांचं पूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. "बाबा, पोटाच्या ऑपरेशनला टाके किती पडतात हो?"

"कोणाच्या पोटाच्या?"

"असंच. वर्गात लागतंय."

"तू इंग्रजी शिकवतोस की कसाईखाना चालवतोस?" मग बाबांचा आवाज एकदम खाली आला. "खरं सांग. तुझं काही झालंय का?" पाठीमागून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि फोन आईच्या हातात गेला. "काय झालं रे? कुठे दुखतंय? तरी मी म्हणत होते यांना, इतक्या लांब नको, इथल्या शाळा काय ओस पडल्यात का!"

"आई, मला काही झालेलं नाही. एका माणसाचे वडील आजारी आहेत."

"कोणाचे?"

"माझ्या वर्गातल्या... माझ्याच. म्हणजे तसे माझे नाहीत."

"नीट बोल बाबा. तिकडे जाऊन मराठी विसरलास का?" ती म्हणाली, आणि मग बाबांना, फोनवर हात न ठेवताच, "काही नाही हो, तो पहिल्यापासून असाच. धड एक उत्तर देईल तर शपथ." पहिल्यापासून असाच. मी फोन कानाला धरून उभा होतो आणि विचार करत होतो, पहिल्यापासून म्हणजे कुणापासून. हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. पहिल्यापासून हट्टी, पहिल्यापासून किरकिरा, पहिल्यापासून दूध टाकायचा. दूध मी कधीच टाकलेलं नाही. आजही समोर आलं तर पितो.

चष्मेवाला एकदा तास संपल्यावर मागे थांबला. माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होता. मला आशा वाटली. म्हटलं, विचार रे बाबा, एकदा विचार, तू कोण म्हणून. हा माणूस दिवसभर लोकांच्या नजरा तपासतो, याला तरी दिसेल. तो जवळ आला, माझ्या खांद्याची आणि स्वतःच्या खांद्याची उंची हातानं ताडून पाहिली आणि शब्द जुळवत हळहळून म्हणाला, "सर, तुम्ही वडिलांच्या काळजीनं पार बारीक झालात. उंची पण उतरली." मी म्हटलं, होतं असं कधीकधी. "केस काळे झाले," तो म्हणाला. "काळजीनं आमच्याकडे पांढरे होतात." मग त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं आणि खाली दुकान उघडायला गेला. तो थट्टा करत होता का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याइतकाच मख्ख होता. मी रिकाम्या वर्गात फळा पुसला. आधीच पुसलेला होता, तरी पुसला. सभ्यपणा म्हणजे काय चीज आहे हे मला तेव्हा समजलं. सभ्य माणूस तुम्हाला धक्का मारत नाही, तुमच्यावर हात उगारत नाही, तुमच्या आरपार अदबीनं बघतो. माझ्या घरची माणसंही अशीच सभ्य होती. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, यात शंका नाही. फक्त पत्ता जुना होता.

दहाव्या आठवड्यात माझी खरी तारीख आली. आई कधीच फोनवर त्याबद्दल बोलणार नाही हे मला माहीत होतं, कारण त्या घरात ती तारीख मोठ्यानं उच्चारायची सोय नव्हती; एक उच्चारली की दुसरीही बाहेर पडली असती, आणि मग तिसरी, तो गेला ती. तरी मी सकाळी लवकर उठून फोन समोर ठेवून बसलो. नळ ठोठावत होता. फोन वाजला.

"खाल्लंस का काही?"

"हो."

"आवाज बारीक येतोय तुझा."

"खोलीच बारीक आहे."

"बाबा इथेच बसलेत पेपर वाचत." हे तिनं का सांगितलं ते मला कळलं. मग ती म्हणाली, "आज..." मी विचारलं, "आज काय, आई?" "आज पाणीच आलं नाही नळाला. दोन बादल्यांवर भागवलंय सगळं." बाबा मागून म्हणाले, त्याला काय सांगतेस, तो काय तिथून टँकर पाठवणार आहे? ती हसली.  मग तिनं अगदी सहज, भाजीचं विचारावं तसं विचारलं, "डोक्याला तेल लावतोस का रे?"

"लावतो."

"कोण लावणार तुला तिथे," ती म्हणाली, आणि ठेवते म्हणून फोन ठेवला. मी आरशासमोर जाऊन उभा राहिलो. कपाळ होतं, केस होते. मी माझा हात उचलून डोक्यावरून एकदा फिरवून पाहिला. ते काही जमलं नाही. माणसाचा स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर आला की केस नीट करतोय असंच वाटतं.

त्या दिवशी वर्गात वडिलांना घरी सोडायचं ठरलं होतं. डॉक्टर तपासणार, बिछाना आवरणार, मुलगा गाडी घेऊन येणार. मी मार्कर घेऊन फळ्यापाशी गेलो. मग वळलो आणि म्हटलं, आज दुसरं सांगतो. माझा एक भाऊ होता. मी जन्मायच्या आधीच तो गेला. त्याचं नाव मला दिलं. आज माझा वाढदिवस आहे, पण हे कुठल्याच कागदावर नाही. एवढंच. चोवीस वर्षांत ही वाक्यं मी मराठीत कोणापुढे उच्चारली नव्हती, उशीतसुद्धा नाही. परक्या भाषेत ती चार-पाच ओळींत मावली आणि अगदी पहिल्या आठवड्याच्या पुस्तकातली वाटली. मी टेबलाची कड धरली.  वाटलं, झालं. आता हे विचारतील. मग मी सांगेन, माझं नाव त्याचं, तारीख त्याची, हा कोट तिसऱ्याचा, पण आत्ता बोलला तो आवाज माझा. मी जन्माला यायला तयार होऊन उभा होतो.

प्रश्न ओळीनं आले, नियमाप्रमाणे. नर्सबाई: ताप कोणता होता? मी सांगितलं, माहीत नाही. चष्मेवाला: तो दिसायला कसा होता? गोरा, मी म्हटलं, कपाळावर काळा टिळा. मग लिफ्टआजोबा उठले. ते खूप वेळ शब्द गोळा करत होते, ओठ हलत होते. शेवटी म्हणाले, "म्हणून तुमचे वडील आजारी पडले." वर्गभर एक हुंकार फिरला, कोड्याचा तुकडा बसावा तसा. बरोबर, म्हणून पोटात दुखायला लागलं. इतकी वर्षं दुःख पोटात ठेवलं, म्हणून ऑपरेशन. म्हणून ते एकटेच नाव घेऊन समुद्रावर जायचे. सगळे लिहून घेत होते. मी तोंड उघडलं, पण नर्सबाईंचा हात आधीच वर होता. त्यांच्या कपाळावर आठी होती. "पण सर, तुमचा वाढदिवस तिसऱ्या आठवड्यात झाला. आम्ही गाणं म्हटलं होतं."

त्या माझ्याकडे बघत होत्या. सगळेच बघत होते, प्रेमानं, थोडं सांभाळून, जसं घरच्या विसराळू माणसाकडे बघतात.

"हो," मी म्हटलं. "विसरलोच."

दाराशी संचालिकाबाई उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. तास संपल्यावर त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, पहिल्यांदाच चहा मागवला. "भावाची गोष्ट आधी का नाही काढलीत? फारच छान. पुढच्या सत्रात ती सहाव्या आठवड्यात घेऊ, ऑपरेशनच्या लगेच नंतर. मध्ये जरा ढिलं पडतं तिथे." मग रोजनिशी उघडून त्यांनी माझी पानं चाळली. मीही पाहिली, आणि मला दिसलं की सातव्या आठवड्यापासून माझी अक्षरं मोठी होत गेली होती आणि डावीकडे झुकायला लागली होती. "वर्ग खूश आहे," बाई म्हणाल्या. "एकजणही गैरहजर नाही. तेव्हा नवं पत्रक काढण्यात मला काही अर्थ दिसत नाही. जे चाललंय ते चालू द्यावं."

"पण तुम्ही म्हणाला होतात, माझं नाव..."

"नावं मिळतात हो," बाई अगदी आपुलकीनं म्हणाल्या. "असे वडील मिळत नाहीत."

इथे मी भांडायला हवं होतं. तिथल्या तिथे ओळखपत्र काढून टेबलावर आपटायला हवं होतं. मनात मी ते आपटलंही, आवाजसुद्धा ऐकला. पण मान आपोआप डोलली. ती माझी सवयीची मान होती, पहिलीपासून कमावलेली. चहा पिऊन मी जिना उतरलो. फलकावरचा माणूस भरपूर दातांनी हसत होता. मला त्याचा राग आला नाही. त्या शुक्रवारी तो खाली उतरला तेव्हा त्याला कोणाचा कंटाळा आला असेल, याचा मी पहिल्यांदाच विचार केला. कदाचित ते वडील त्याचेही नसतील. कदाचित त्याच्याही आधी कोणीतरी पोट दुखतं म्हणून सुरुवात करून गेलं असेल. आणि दादा, दहा महिन्यांचा, कपाळावर तीट लावलेला माझा दादा, ज्याला मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःपासून वेगळा करून माणसांपुढे उभा केला, तो त्याच दुपारी दुसऱ्याच्या घरी राहायला गेला. आता माझ्याकडे तोही नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळे उभे होते. लिफ्टआजोबांनी दोन्ही हातांनी एक घडी घातलेला जाड कागद पुढे केला. आत अकरा जणांची अकरा अक्षरं, प्रत्येकाची एकेक ओळ. आम्हाला तुमच्या भावाचं वाईट वाटतं. तो फार लहान होता. तो आज मोठा असता. त्याला नाव परत देऊ नका, त्याला राग येणार नाही. वडिलांना सांगा, रडलं की टाके उसवत नाहीत. ही टाक्यांची ओळ नर्सबाईंची असणार. मी ते उभ्यानं वाचत होतो. दादा गेला तेव्हा घरी कोणी भेटायला आलं होतं का, मला माहीत नाही. आई कधी बोलली नाही. सव्वीस वर्षांच्या आसपास उशिरानं का होईना, त्याच्यासाठी आलेला हा पहिला कागद होता.  पुन्हा वाचायला मी कागद जरा जवळ धरला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात लाल पेन आहे आणि मी तीन ठिकाणी खुणा केल्या आहेत.

मी थांबायला हवं होतं. पण अकरा जण टाचा उंचावून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुखवटा मागे पडून निकालाची उत्सुकता आली होती. मध्येच थांबलो असतो तर बाकीच्या आठ जणांना वाईट वाटलं असतं. मी चौथी ओळ दुरुस्त केली. पाचवी बरी होती. अकरावीपर्यंत गेलो आणि मग पेन वर नेलं, सगळ्यात वर, जिथे कोणाला लिहिलंय त्याचं नाव होतं. फलकावरच्या माणसाचं. पेनाचं टोक त्यावर टेकलं होतं, एवढं आठवतं. खोडायला एक रेघ पुरली असती. लिफ्टआजोबांनी ते नाव नातवाला लिहावं तसं निगुतीनं काढलं होतं, पेन्सिलीनं आधी आणि मग शाईनं गिरवून, आणि त्यात कुठेही चूक नव्हती.

मी खाली दहापैकी आठ लिहून कागद परत दिला. सुधारलेलं काम घरी नेऊन स्वच्छ लिहून काढायचं, असा वर्गाचा नियम होता, त्यामुळे नर्सबाईंनी तो घडी करून आपल्या पिशवीत ठेवला. सगळे बसले. लिफ्टआजोबा मात्र उभेच राहिले, दोन गुण कुठे गेले याचा मनाशी अंदाज घेत, आणि मग माझी समजूत काढल्यासारखं, एकेक शब्द सावकाश उतरवत म्हणाले, "सर, पुढच्या वेळी आम्ही दहा मिळवू."